बडोद्याचे चित्रदालन आणि महाराज सयाजीराव

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी काहीतरी लिहून द्यावे, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मी नुकताच बडोद्याहून परतलो होतो. मंडळातील चारपाच कुटुंबे बरोबर होती. परप्रांतात घर केलेल्या आम्हा मंडळींना बडोद्याविषयी एक वेगळी ओढ असते. भोवती सारी गुजराती वस्ती, आणि तरीही वाड्यांच्या, पेठांच्या, रस्त्यांच्या नावांतून मराठी अजून कानावर पडत राहते. त्या शहरी जाऊन सयाजीबाग पाहिली नाही असा मनुष्य विरळाच. जुनी मंडळी तिला कमाटीबाग म्हणतात. विश्वामित्रीच्या काठच्या ह्या बागेतच बडोद्याचे प्रसिद्ध वस्तुसंग्रहालय आणि त्याला जोडून असलेले चित्रदालन आहे.

मुलांचे पाय प्रथम खिळले ते निळ्या देवमाशाच्या सांगाड्यापाशी. महीच्या मुखाशी लागलेला हा प्राणी महाराजांच्या पश्चात येथे आला. नंतर इजिप्तची ममी झाली. जपानी, चिनी, तिबेटी वस्तूंची दालने झाली. मुघल आणि राजपूत शैलीची चित्रे झाली. शेवटी आम्ही युरोपीय चित्रांच्या दालनात आलो. जड सोनेरी चौकटींतील ती काळसर तैलचित्रे पाहता पाहता आमच्यातील एका वयस्क गृहस्थांनी मनातली शंका बोलून दाखविली. राजा मराठा, रयत बहुतांशी गुजराती, आणि भिंतीवर हे फिरंगी सरदार व त्यांच्या मडमा. रयतेच्या पैशातून ही खरेदी कशासाठी झाली असावी, असा त्यांचा रोख होता. त्या वेळी मला नीटसे उत्तर देता आले नाही. परतीच्या प्रवासात आणि नंतरही तो प्रश्न मनात राहिला. पुढील मजकूर म्हणजे त्या गृहस्थांना उशिरा दिलेले उत्तर होय.

ह्या उत्तराचा आरंभ बडोद्यात नाही, नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणा गावी आहे. तेथे ११ मार्च १८६३ रोजी काशीराव गायकवाड व उमाबाई यांच्या पोटी गोपाळराव जन्मला. घराणे गायकवाडांचेच, पण दूरच्या शाखेचे. वैभवाची केवळ आठवण उरलेले, शेतीवर गुजराण करणारे. गोपाळ बारा वर्षांचा होईतो त्याला अक्षरओळखही धड झाली नव्हती.

इकडे बडोद्यास चित्र निराळे होते. खंडेराव महाराजांना जडजवाहिराचा विलक्षण नाद. मदिनेस अर्पण करण्याकरिता लाखो मोत्यांचा गालिचा त्यांनी करविला होता; परंतु १८७० मध्ये त्यांचे निधन झाले व गालिचा बडोद्यातच राहिला. त्यांच्यामागून गादीवर आलेल्या मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतविल्या. राज्यकारभाराची मात्र दुर्दशा झाली. रेसिडेंट फेअर यास विष घालण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप मल्हाररावांवर आला, चौकशीसाठी नेमलेल्या मंडळातील युरोपीय व देशी सभासदांचे एकमत झाले नाही, आणि अखेर १८७५ च्या एप्रिलमध्ये गैरकारभाराचे कारण देऊन सरकारने त्यांना पदच्युत केले. खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली.

कवळाण्याहून काशीरावांच्या घरची तीन मुले बडोद्यास आणण्यात आली: आनंदराव, गोपाळराव आणि संपतराव. येथे कशासाठी आलास, असे प्रत्येकास विचारले गेले आणि एकट्या गोपाळाने राज्य करण्यासाठी आलो असे निःशंकपणे सांगितले, ही आख्यायिका बडोद्यात अजूनही सांगितली जाते. खरे-खोटे काही असो, २७ मे १८७५ रोजी त्याचे दत्तकविधान झाले आणि शेताच्या बांधावर वाढलेला मुलगा सयाजीराव तिसरे ह्या नावाने गादीवर बसला.

येथून पुढचा भाग आपल्यासारख्या वाचकांनी विशेष मन लावून वाचावा असा आहे. ह्या मुलाभोवती जी माणसे जमली ती बहुतेक आपापल्या मुलखापासून दूर आलेली होती. दिवाण म्हणून आले ते सर टी. माधवराव. कुंभकोणचे, पिढ्यान्‌पिढ्या तामिळ मुलखात राहिलेल्या मराठी घराण्यातले. त्यापूर्वी त्रावणकोरचे दिवाणपद त्यांनी गाजविले होते. १८८० मध्ये महाराजांचा विवाह झाला तो तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाईंशी. बडोद्यास त्यांचे नाव चिमणाबाई ठेवण्यात आले. त्यांच्याबरोबर तंजावरहून नर्तिका व साथीदारही आले आणि गुजरातेत भरतनाट्याचे पाऊल पडले. कवळाण्याचा नवरदेव, तंजावरची वधू आणि कुंभकोणचा कारभारी! महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांचे याहून मोठे संमेलन आपल्या मंडळालाही अद्याप भरविता आलेले नाही.

शिक्षक म्हणून इलियट साहेबांची नेमणूक झाली. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा, गणित, इतिहास, घोडदौड, मल्लविद्या असा दिनक्रम आखण्यात आला. ज्या वयात इतर मुले पाठ्यपुस्तके संपवीत आलेली असतात त्या वयात हा मुळाक्षरे गिरवीत होता. उशिरा सुरू झालेल्या ह्या शिक्षणाची खंत त्यांना जन्मभर असावी, असे त्यांच्या पुढील कारकीर्दीवरून वाटल्याशिवाय राहत नाही. शिकण्याची त्यांची भूक कधी शमली नाही, आणि जे आपणास उशिरा मिळाले ते इतरांना वेळेवर मिळावे, ह्याचा तर त्यांनी ध्यासच घेतला. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याची पूर्ण मुखत्यारी त्यांच्या हाती आली. वय अवघे अठरा.

त्याच सुमारास एक चित्रकार बडोद्यास आला. त्रावणकोरातील किळिमानूरचा राजा रविवर्मा. माधवराव त्याला त्रावणकोरपासून ओळखत होते. त्यांच्याच सांगण्यावरून त्याला बोलावणे गेले. त्याने राजघराण्यातील व्यक्तींची चित्रे काढली आणि महाराजांची मर्जी संपादन केली. पुढे १८८८ मध्ये महाराजांनी त्याला रामायण-महाभारत व पुराणांतील प्रसंगांवर चौदा चित्रे काढण्यास सांगितले. देवादिकांची व पुराणपुरुषांची वेषभूषा कशी असावी, ह्याचा शोध घेत रविवर्मा आपल्या भावासह उत्तर हिंदुस्थानात हिंडला. १८९० मध्ये चित्रे पुरी होऊन बडोद्यास आली तेव्हा ती लोकांना पाहावयास खुली ठेवण्यात आली आणि पाहणाऱ्यांची एकच झुंबड उडाली. देवळात जाऊन मूर्ती पाहणे लोकांच्या अंगवळणी होते. भिंतीवर टांगलेले चित्र पाहण्यासाठी घराबाहेर पडणे ही त्या काळी नवलाईची गोष्ट होती. महाराजांनी ती गर्दी पाहून मनाशी काय नोंदले हे कोण सांगणार? पण राजवाड्यातील एक चित्र राजवाड्याबाहेर किती माणसांना हलवू शकते, ह्याचा दाखला त्यांना घरच्या घरी मिळाला होता, एवढे खरे.

पहिल्या महाराणी हे पाहण्यास राहिल्या नव्हत्या. १८८५ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या वाड्याला त्यांचे लक्ष्मी हे नाव मिळाले तो लक्ष्मीविलास त्यांच्यामागे पाच वर्षांनी, १८९० मध्ये पुरा झाला. त्याच्या बांधकामास आरंभ करणारा मेजर मँट हा स्थापत्यकारही मध्येच वारला व चिझम याने काम शेवटास नेले. महाराजांचा दुसरा विवाह देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाईंशी झाला. त्याच पुढे चिमणाबाई महाराणी म्हणून स्त्रीशिक्षणाच्या कार्यात प्रसिद्ध झाल्या.

१८८७ मध्ये महाराज प्रथम युरोपास गेले आणि त्यानंतर त्यांचे परदेशगमन आयुष्यभर चालू राहिले. प्रकृती हे एक कारण होतेच. निद्रानाशाने त्यांना पुष्कळ छळले. टीकाही थोडी झाली नाही. राजा राज्यात कमी आणि आगबोटीवर अधिक, असा सूर रयतेतही होता आणि सरकारातही. १९०० मध्ये लॉर्ड कर्झन याने संस्थानिकांच्या परदेशवाऱ्यांना आळा घालणारे परिपत्रक काढले. इतर राजेही विलायतेस जात. पुष्कळांचे सामान परतताना मोटारी, कुत्रे आणि काचसामान ह्यांनी वाढलेले असे. सयाजीराव परतत ते एखाद्या संस्थेची कल्पना घेऊन. त्यांनी लंडनची संग्रहालये पाहिली आणि त्यांच्या धर्तीवर बडोद्यात वस्तुसंग्रहालय उभे राहिले. मँट व चिझम ह्यांच्याच योजनेतून झालेली ही इमारत १८९४ मध्ये लोकांसाठी उघडली. पुढे १९०६ मध्ये ते अमेरिकेस गेले, तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली, आणि १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाला बडोद्यास आणून गावोगाव ग्रंथालये काढण्याची योजना हाती घेतली. पेट्यांत भरलेली पुस्तके फिरत्या वाचनालयातून खेड्यांत जाऊ लागली.

वाचकांनी येथे सालांचा क्रम ध्यानात घ्यावा. १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाताखाली संगीतशाळा. १८९० मध्ये प्रा. गज्जर ह्यांच्या नेतृत्वाखाली कलाभवन. तेथे रंगकाम, विणकाम, चित्रकला, यंत्रविद्या शिकविली जाई; हिंदी चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके ह्यांनी तरुणपणी येथेच धडे घेतले. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण आणि १९०६ मध्ये साऱ्या राज्यात त्याचा विस्तार. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा ह्या गोष्टीचा नुसता वाद चालू होता. चित्रदालनाच्या बांधकामास आरंभ झाला तो १९०८ मध्ये, म्हणजे शाळा सक्तीच्या झाल्यावर. आमच्या सोबतच्या गृहस्थांना मी आज सांगेन की चित्रे आधी आणि पाटीपेन्सिल नंतर, असा हा प्रकार नव्हता. विलायतेस जाऊन राफाएल वा रेम्ब्रांट पाहण्याची ऐपत बडोद्यातील विद्यार्थ्यास नव्हती. कलाभवनात रेघा ओढणाऱ्या मुलाने युरोपातील तैलचित्र प्रत्यक्ष पाहावयाचे तर ते त्याच्या गावीच आणणे प्राप्त होते.

त्यांची निवड राजाने स्वतःच्या मर्जीवर सोडली नाही. मॅरियन स्पीलमन ह्या इंग्रज कलासमीक्षकाकडे ते काम सोपविले. युरोपातील निरनिराळ्या काळांची व देशांची कला क्रमाने दिसावी, अशा बेताने चित्रे जमविण्यात आली. त्यांत मोठ्या कलावंतांच्या चित्रांच्या प्रतिकृती आणि त्यांच्या कार्यशाळांतून निघालेली चित्रेही आहेत. दालनाच्या भिंती १९१४ मध्ये उभ्या झाल्या आणि त्याच वर्षी युरोपात महायुद्ध पेटले. चित्रे तिकडे आणि भिंती इकडे! समुद्रमार्ग निर्धास्त होईपर्यंत रिकामे दालन वाट पाहत राहिले. अखेर १९२१ मध्ये ते उघडले. योगायोग असा की त्याच वर्षी बडोद्यास मराठी साहित्य संमेलनही भरले होते.

ही तेरा वर्षे राजाच्या खाजगी आयुष्यात किती जड गेली हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. बांधकाम सुरू झाले त्या १९०८ मध्येच थोरले पुत्र फत्तेसिंहराव ऐन पंचविशीत गेले. पहिल्या राणीची तेवढी एकच खूण होती. त्यांचा मुलगा प्रतापसिंह तेव्हा काही महिन्यांचा होता. १९११ मध्ये दिल्ली दरबारात बादशहांना मुजरा करून परतताना महाराजांनी ठरल्या रीतीप्रमाणे मागे पाय न घेता पाठ फिरविली, असा बोभाटा झाला. इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यांच्यावर राजद्रोहाचे शिंतोडे उडविले व त्यांना खुलासा करावा लागला. राष्ट्रीय पक्षाच्या लोकांना त्यांनी आश्रय दिला होता, अरविंद घोषांना नोकरीस ठेविले होते. तेव्हा सरकारचा राग नुसत्या मुजऱ्यापुरता नव्हता हे उघड आहे. १९१९ मध्ये पुत्र शिवाजीराव वारले. दालन उघडल्यानंतर दोन वर्षांनी, १९२३ मध्ये, जयसिंहरावही गेले. ज्यांना वारसा द्यावयाचा त्या मुलांना एकामागून एक निरोप द्यावा लागलेला हा बाप आपल्या शहरासाठी मात्र भिंतीवर चित्रे लावून घेत होता. दोन गोष्टींचा संबंध जोडण्याचा मला अधिकार नाही. पण त्या दालनात उभे असताना ही साले डोक्यातून जात नव्हती.

दोष दाखविणारे दाखवितात आणि त्यांत तथ्य नाही असेही नाही. महाराजांच्या काळी युरोपीय कलेला जे मानाचे पान मिळाले ते आपल्याकडील जुन्या चित्रकलेला त्या मानाने उशिरा मिळाले. डॉ. हर्मन गट्झ हे जर्मन विद्वान नाझी राजवटीमुळे मायदेशापासून दूर झाले होते. त्यांच्याकडे संग्रहालयाची सूत्रे आली ती महाराजांच्या पश्चात, आणि त्यांच्या काळात भारतीय कलेच्या विभागास खरे बळ आले. दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. ज्या चौदा चित्रांसाठी लोकांनी एके काळी गर्दी केली, ती रविवर्म्याची चित्रे लोकांच्या संग्रहालयात गेली नाहीत; राजघराण्याच्या संग्रहातच राहिली. ती सर्वांना पाहता यावीत अशी सोय फार पुढे, १९६१ मध्ये महाराजा फत्तेसिंह संग्रहालय स्थापन झाल्यावर झाली. स्वतःच्या भिंतीवरचे आवडते चित्र उतरवून देणे राजालाही जड जात असावे!

तरीही एक तुलना केल्यावाचून राहवत नाही. खंडेरावांचा मोत्यांचा गालिचा पुढे देशाबाहेर गेला आणि २००९ मध्ये दोहा येथे लिलावात विकला गेला. मल्हाररावांच्या सोन्याच्या तोफांची बडोद्यात गोष्टच तेवढी उरली आहे. जामदारखान्यात जे होते त्याला पाय फुटले. बागेतल्या इमारतीत जे ठेवले ते जागेवर राहिले. बडोदे संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० मध्ये गुजरात राज्य झाले, तरी त्या चौकटी भिंतीवरून हलल्या नाहीत. हे सारे महाराजांनी मुद्दाम योजिले होते असे मी म्हणणार नाही. पण खानगी खाते निराळे आणि राज्याचा खजिना निराळा, हा हिशेब त्यांनी काटेकोरपणे पाळला होता. त्याचे फळ शहरास मिळाले.

मराठी भाषेशी त्यांचा संबंध शेवटपर्यंत सुटला नाही. गुजराती रयतेसाठी गुजरातीला कारभारात व शिक्षणात स्थान देणाऱ्या ह्या राजाने मराठी ग्रंथांनाही भरघोस आश्रय दिला आणि १९३२ मध्ये कोल्हापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. बारा वर्षांपर्यंत ज्याने पाटी हाती धरली नव्हती, तो सारस्वतांच्या मेळाव्यात सर्वांत उंच आसनावर बसला होता. कवळाण्याच्या त्या मुलाची आठवण त्या दिवशी कोणाला झाली असेल काय?

अखेरच्या वर्षांत त्यांनी पूर्वजांच्या स्मृतीसाठी कीर्तिमंदिर बांधविले आणि त्याच्या भिंती रंगविण्यास शांतिनिकेतनाहून नंदलाल बोस ह्यांना पाचारण केले. विलायती चित्रे मागविणारा राजा शेवटी देशी भित्तिचित्रांकडे वळला, ही गोष्ट त्याच्या टीकाकारांनी लक्षात ठेवावी. बोसांचे ते काम १९३९ पासून १९४६ पर्यंत चालले. महाराजांना ते पुरे झालेले पाहता आले नाही. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. वय पंचाहत्तर होते आणि राज्यारोहणास त्रेसष्ट वर्षे होऊन गेली होती. गादीवर नातू प्रतापसिंहराव आले. १९४९ मध्ये त्यांच्याच हातून आजोबांच्या नावाचे विद्यापीठ बडोद्यात उभे राहिले. त्या विद्यापीठात लवकरच ललितकलांचे शिक्षण सुरू झाले आणि १९५२ मध्ये वस्तुसंग्रहालयशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला. असा विभाग आपल्या देशात तोवर कोठेही नव्हता.

परतण्यापूर्वी आम्ही अकोट्याच्या जैन मूर्ती पाहिल्या. विश्वामित्रीपलीकडच्या अकोटा भागात १९५१ मध्ये जमिनीखालून साठांहून अधिक कांस्यमूर्ती निघाल्या. काही पाचव्या-सहाव्या शतकाइतक्या जुन्या आहेत. ऋषभनाथाची एक मूर्ती भंगलेली आहे, डोळ्यांत मात्र चांदी अजून लकाकते. कोणाच्या कोठारात त्या पडून राहिल्या असत्या, वितळविल्या गेल्या असत्या, परदेशी विकल्याही गेल्या असत्या. नदी ओलांडून हाकेच्या अंतरावर त्यांच्यासाठी जागा सत्तावन्न वर्षांपूर्वीच तयार झालेली होती. प्रश्न विचारणारे आमचे गृहस्थ त्या काचेपुढे बराच वेळ उभे होते. बस सुटण्याची वेळ झाली म्हणून त्यांना दोनदा बोलवावे लागले.